नाशकात जिओकॅशिंग कसं करायचं, आणि डबा पावसाळ्यात कसा टिकवायचा

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मामा, तू तो डबे शोधायचा खेळ खेळायचास ना, तो अजून चालू आहे का? आमच्या कॉलेजच्या ग्रुपला करायचाय." मी अर्धा तास बोललो, तो हो हो करत राहिला आणि शेवटी म्हणाला यातलं मला काहीच लक्षात राहणार नाही, लिहून पाठव. तर हे त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी. आधीच सांगतो, मी काही मोठा खेळाडू नाही, माझे सापडलेले डबे साडेतीनशेच्या आसपास, त्यातले बहुतेक जर्मनीतले, आणि तिकडची हौशी मंडळी एवढे एका वीकेंडला उरकतात. पण नाशकात एक डबा लपवून तो पाच पावसाळे जिवंत ठेवलाय, त्यामुळे तेवढ्यापुरतं बोलायचा हक्क आहे असं मी समजतो.

खेळ तसा दोन मिनिटांत समजतो. कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, तुम्ही फोन घेऊन तिथे जाता, डबा शोधता, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहिता, डबा होता तिथे होता तसा परत ठेवता आणि घरी येऊन ऑनलाइन नोंद करता. आत बारीकसारीक वस्तू असतील तर एक घ्यायची आणि तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवायची. बक्षीस वगैरे काही नाही. ज्यांना "मग मिळतं काय?" हा प्रश्न पडला त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, राग नाही.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं रडगाणं कळणार नाही. २ मे २००० ला अमेरिकन सरकारने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोपर्यंत सामान्य माणसाच्या जीपीएस सेटमध्ये शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा, म्हणजे तुम्ही रामकुंडावर उभे आणि सेट म्हणणार गोदावरी ओलांडलीत की. ही चूक गेल्यावर दुसऱ्याच दिवशी, ३ मे ला, ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने एक काळी बादली जंगलात ठेवली, त्यात पुस्तकं, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा, आणि जागेचे आकडे इंटरनेटवर टाकून दिले, काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा. तीन दिवसांत लोक तिथे पोचले. "जिओकॅशिंग" हा शब्द त्याच महिन्याच्या शेवटी आला, आणि सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश याने geocaching.com ही वेबसाइट काढली तेव्हा साऱ्या जगात मिळून डबे होते पंचाहत्तर. २०१० मध्ये चालू डबे दहा लाख झाले, आता तीस लाखांच्या वर आहेत.

मी यात आलो २०११ ला. अंबडच्या ज्या कंपनीत होतो तिने तीन महिने ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं, तिथला एक सहकारी दर शनिवारी जंगलात जायचा, मला वाटलं मशरूम गोळा करायला जातो. एकदा बरोबर घेऊन गेला. त्याची तयारी आदल्या रात्रीपासून, डब्याचं पान प्रिंट करायचं, केबल लावून आकडे सेटमध्ये भरायचे, पेन्सिल, टॉर्च, बॅटरीचे सेल, सगळं पिशवीत. दोन तास चालून एका पडलेल्या झाडाखाली लष्करी गोळ्यांचा हिरवा लोखंडी डबा निघाला आणि त्याने आतल्या वहीत जे लिहायला घेतलं ना, वीस मिनिटं हलला नाही. वाट कशी चुकली, हरीण कुठे दिसलं, आज बरोबर इंडियाचा मित्र आहे आणि त्याला थंडी वाजतेय, सगळं. आधीच्या लोकांचंही तसंच, अर्धं अर्धं पान. मला जर्मन येत नव्हतं तरी त्या वहीची पानं उलटत बसलो.

आता काय झालंय तर फोन आला. २००८-०९ नंतर स्मार्टफोनवर ॲप आलं आणि तयारी हा प्रकारच संपला. बसस्टॉपवर उभं राहून ॲप उघडायचं, शंभर मीटरवर डबा दिसतो, जायचं, रोडच्या पाटीमागे लोहचुंबकाने चिकटवलेली नखाएवढी नॅनो डबी काढायची, कागदाच्या सुरळीवर आद्याक्षरं, झालं. डबे बारीक झाले, संख्या वाढली आणि नोंदीत कथा लिहायची सोडून लोक इंग्रजी चार अक्षरं टाकायला लागले, टीएफटीसी, म्हणजे डब्याबद्दल आभार. अमेरिकेत नेवाडामध्ये एका ओसाड हायवेवर दर १६१ मीटरला एक असे हजारावर डबे ठेवलेत, तिथे एक जण गाडी चालवतो, एक उतरून पळतो, आणि काही जण तर डबा उघडून सही करत बसण्यापेक्षा आधीच सही केलेला मागचा डबा तिथे ठेवतात आणि तिथला उचलून पुढे नेतात, वेळ वाचतो म्हणे! जुनी माणसं यावर रडतात की मजा गेली.

मला यातलं अर्धंच पटतं. फोन नसता तर नाशकात हा खेळ कोणी खेळलंच नसतं, तेव्हा तो हातातला सेट घ्यायचा म्हणजे महिन्याचा पगार जायचा. आणि लांबलचक नोंदी आजही लिहिल्या जातात, फक्त त्या मिळायच्या तर डबा तसा लिहायला लावणारा असावा लागतो. माझी खरी तक्रार वेगळी आहे. शोधणारे खूप वाढले, सांभाळणारे त्या मानाने वाढले नाहीत. जर्मनीत एक डबा मेला तर पलीकडच्या गल्लीत दुसरा असतो, इकडे नाशिकच्या नकाशावर डबे मोजकेच, त्यातला एक गेला की तो भागच रिकामा. कोणीतरी पर्यटक येतो, हौसेने डबी ठेवतो, परत जातो, दोन पावसाळ्यात डबीचा लगदा होतो, आणि आपली नवी पोरं पहिल्याच दिवशी जाऊन उन्हात दोन तास दगडं चाचपून वैतागून ॲप काढून टाकतात. म्हणून आता पद्धत सांगताना मी शोधण्यापेक्षा लपवण्यावर जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तर तसं सांगा.

आधी शोधणं उरकू. geocaching.com वर फुकट खातं उघडा. ती वेबसाइट चालवणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये फुकट खात्याला साधे सोपे डबे दिसतात, बाकीच्यांसाठी पैसे भरून प्रीमियम घ्या म्हणतात. नाशकात सुरुवातीला प्रीमियम अजिबात घेऊ नका, एवढ्या डब्यांसाठी काय उपयोग. वेबसाइटवर फुकटात जास्त दिसतं, आणि अँड्रॉइडवाल्यांसाठी सी-जिओ म्हणून वेगळं फुकट ॲप आहे, हौशी लोकांनी बनवलेलं, मी तेच वापरतो. नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा, त्र्यंबकच्या पुढे डोंगरात नेटवर्कच्या भरवशावर राहायचं नसतं.

डब्याच्या पानावर दोन आकडे दिसतील, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, दोन्ही १ ते ५, मध्ये अर्धे अर्धे. पोचायला ५ म्हणजे दोर, होडी वगैरे खास सामान लागणार. पहिल्यांदा दीड-दीडच्या वर जाऊ नका. शेवटच्या पाच नोंदी वाचा. शेवटच्या तिन्ही "नाही सापडला" असतील आणि मालकाचं वर्षभर उत्तर नसेल तर तो डबा बहुतेक गेलाय, तिकडे पेट्रोल घालू नका.

आता आकड्यांची गोष्ट, इथे मी स्वतः आपटलोय. या खेळात जागा अंश आणि मिनिटांत देतात आणि मिनिटाला तीन दशांश स्थळं असतात. आपल्या नकाशाच्या ॲपमध्ये मात्र बरेचदा नुसते दशांश अंश असतात. आता समजा डब्याचा अक्षांश २० अंश ००.६०० मिनिटं आहे, मी घाईत नकाशात २०.००६०० टाकलं, दिसायला सारखंच ना! पण ००.६०० मिनिटाला ६० ने भागायचं असतं, म्हणजे खरा आकडा २०.०१००० आणि फरक पडतो जवळजवळ साडेचारशे मीटर. मी एका नाल्यात उतरून बाभळीच्या काट्यात पाऊण तास शोधत होतो आणि डबा होता वरच्या रस्त्याला. तिसऱ्या दशांशात एकचा फरक पडला तर जमिनीवर साधारण १.८ मीटर, हे लक्षात ठेवलं की आकड्यांची भीती जाते. गंमत म्हणून एक करा, २० अंश उत्तर ही रेघ बरोब्बर आपल्या शहरातून जाते, संध्याकाळी पायी फिरताना फोनवर अक्षांश लावून ठेवा आणि २० अंश ००.००० कुठे येतं ते शोधा. डबा न शोधताच निम्मा खेळ शिकून होतो.

फोन मोकळ्या मैदानात तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. कड्याच्या पोटाशी, दाट झाडीत किंवा उंच बिल्डिंगच्या मधे सिग्नल भिंतींवर आपटून येतो, तिथे बाण वेड्यासारखा फिरतो. त्यामुळे दहा मीटर राहिले की फोन खिशात टाका, उभे राहा आणि विचार करा की मला इथे डबा लपवायचा असता तर कुठे लपवला असता. एकावर एक नीट रचलेले तीन दगड निसर्ग ठेवत नाही. पण डायरेक्ट हात घालायचा नाही, आधी काठी. आपल्याकडे दगडाखाली विंचू असतो, फुरसं असतं, आणि ते काही खेळात सामील नाही. कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर डबा गेला खड्ड्यात, आवाज न करता मागे फिरा, अत्तर-डिओ मारून तर जाऊच नका. आणि तिकडे परदेशात रात्री टॉर्च घेऊन खेळायचे खास डबे असतात ते वाचून इकडे प्रयोग करू नका, गंगापूर रोडच्या बंगल्यांपासून निफाडच्या उसापर्यंत बिबट्या कुठेही निघतो हे तुम्हाला पेपरात वाचून माहीतच आहे. सहा वाजले की घरी.

माणसांचं काय करायचं? खेळ न खेळणाऱ्यांना या मंडळींच्या भाषेत "मगल" म्हणतात. आपल्याकडे शब्द आहेच, बघे. जर्मनीत बघ्याने बघितलं तर तो मान वळवून निघून जातो, नाशकात तो गाडी स्टँडला लावून येतो आणि विचारतो काय हरवलं. आणि शोधायलाही लागतो! रामशेजच्या पायथ्याला आशेवाडीच्या बाजूला मी एकदा नुसते फोटो आणि आकडे घेत दगडांच्या मधे वाकत फिरत होतो, एक बाबा बराच वेळ बांधावर बसून बघत होते, शेवटी म्हणाले, "धन शोधताय काय?" हसण्यावारी नेऊ नका. किल्ल्याजवळ, जुन्या देवळाजवळ अनोळखी माणूस आकडे बघत दगड हलवतोय म्हणजे गावाला पहिली शंका गुप्तधनाची येते आणि ती शंका रास्त आहे, तसे लोक येतातही आणि गडाची नासधूस करून जातात. म्हणून खुरपं, टिकाव, कुदळ असलं काहीही गाडीत सुद्धा नको. खेळाचा नियमही तोच आहे, डबा पुरायचा नाही आणि शोधायला खणायचं नाही. खोटं बोलू नका, "सर्व्हे करतोय" तर मुळीच म्हणू नका, आजकाल समृद्धी आणि रिंगरोडनंतर सर्व्हे म्हटलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. मी सरळ फोन दाखवतो, बाबा हा खेळ आहे, पोरं लपाछपी खेळतात तशी डब्याची लपाछपी. त्या बाबांनी मला नंतर चहा पाजला आणि पावसाळ्यात कुठून चढू नये ते सांगितलं, ते कुठल्याच ॲपवर नव्हतं.

डबा सापडला तर सही, आणि परत ठेवताना आपल्याला जास्त चांगली जागा सुचली तरी हलवायचा नाही, पुढच्या माणसाचे आकडे चुकतील. धातूचा बिल्ला असेल आणि त्यावर कोड असेल तर ती ठेवून घ्यायची वस्तू नव्हे, तो ट्रॅव्हल बग, २००१ पासून हे बिल्ले डब्यातून डब्यात जग फिरतायत, उचलला तर पुढच्या डब्यात सोडायचा, आणि त्याच्या कोडचा फोटो नेटवर टाकायचा नाही. नाही सापडला तर "नाही सापडला" अशी नोंद कराच. आपल्या लोकांना यात कमीपणा वाटतो, गुपचूप परत येतात. अहो मालकाला त्यानेच तर कळतं की काहीतरी गडबड आहे. आणि सापडल्यावर निदान तीन वाक्यं लिहा, मराठीत लिहा, कोणी अडवत नाही. कोण बरोबर होतं, वाटेत काय दिसलं, डबा कोरडा आहे की ओला. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

आता लपवणं. माझं मत असं की वीस-पंचवीस डबे शोधल्याशिवाय लपवू नये, पण नाशकात पंचवीस सोपे मिळणं हेच अवघड, म्हणून निदान दहा करा, पुण्या-मुंबईला गेलात की तिकडचे धरून.

पहिलं, कुठे लपवायचा नाही. देवळाली कॅम्पच्या लष्करी हद्दीत नाही आणि तोफखान्याच्या फायरिंग रेंजच्या आसपास तर पायही टाकायचा नाही, तिथे खरे तोफगोळे पडतात. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसच्या आणि सिक्युरिटी प्रेसच्या भिंतीजवळ डबी चिकटवायचा विचार मनात आला तर थंड पाणी प्या. ओझरचा विमानांचा कारखाना, विमानतळ, रेल्वे, धरणांच्या भिंती, सीबीएस बसस्थानक, कुठलंही मंदिर, घाट, हे सगळं नाही. परदेशात सुद्धा असले डबे बॉम्ब समजून उडवलेत, आणि आपल्याकडे २०२७ चा सिंहस्थ आहे, पंचवटीत आणि त्र्यंबकला बेवारस डबा म्हणजे बॉम्बशोधक पथकच येणार आणि तुमचं नाव आत कागदावर लिहिलेलं! पांडवलेणी आणि सिन्नरचं गोंदेश्वर पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे दगडाला हात लावायचा नाही. अंजनेरीला वनखातं आहे आणि तिथे कंदिलपुष्पाची अतिशय दुर्मिळ जात उगवते, पठारावर शंभर पोरं डबा शोधत गवत तुडवत फिरतायत हे चित्रच नको. द्राक्षबागेच्या आतही नको, फवारणी चालू असते. अजून एक, परदेशातला मित्र येत असेल तर त्याला सांगून ठेवा की सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात आणायचं नाही, विमानतळावर अडकलेत लोक.

मग राहिलं काय? बरंच. सोसायटीचा बगीचा, कमिटीला विचारून. मित्राचं शेत, बांधावरची बाहेरची बाजू. नातेवाइकांच्या फार्महाऊसचं कंपाउंड. वाचनालय, ग्रंथपालांना पटलं तर. परवानगी हा शब्द ऐकून पोरं तोंड वाकडं करतात, पण आपल्याकडे परवानगी म्हणजे अर्ज नव्हे, चहा पिणं असतं. माझा डबा मखमलाबादच्या बाजूला एका मित्राच्या वडिलांच्या शेताच्या कडेला दगडी बांधात आहे. तात्यांना समजवायला तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी त्यांना वाटलं मी प्लॉट विकायचं बोलायला आलोय. आता मात्र कोणी शोधायला आलं की तात्या लांबून बघत बसतात, मदत करत नाहीत, आणि सापडला की हाक मारून पेरू देतात. माझ्या डब्याच्या निम्म्या नोंदी त्या पेरूबद्दल आहेत.

जागा ठरली की दोन गोष्टी तपासा. जवळच्या दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर अंतर हवं, म्हणजे एक दशांश मैल. आणि तुम्ही तिथे सहज परत जाऊ शकता का? सुट्टीत गेलो म्हणून कोकणात डबा ठेवून आलो असलं चालत नाही, छाननी करणारे स्वयंसेवक तुमचं गाव विचारतात आणि नाकारतात. आकडे घेताना एकदाच घेऊ नका, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बाजूने चालत येऊन चार-पाच वेळा घ्या आणि सरासरी काढा.

डब्याचं सांगतो, इथे मी पैसे घालवलेत. कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी पुस्तकात छान वाटते, त्र्यंबकच्या बाजूच्या पावसात ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात भरते. आईस्क्रीमचा डबा उन्हाने एका उन्हाळ्यात पापडासारखा तुटतो. चिवड्याची प्लास्टिकची बरणी आटे वाकडे झाले की बसत नाही. मी आता चारही बाजूंनी क्लिप लागणारा, रबरी रिंगवाला जाड डबा वापरतो, पारदर्शक, म्हणजे कोणाला शंका आली तर न उघडता आतलं दिसतं. आत कागद झिपच्या पिशवीत, त्या पिशवीत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर पेन उठत नाही आणि उन्हात शाई फुटते. खायची वस्तू चॉकलेटसुद्धा ठेवायची नाही, मुंग्या, घुशी आणि मुख्य म्हणजे माकडं. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर या बाजूची माकडं पिशवीची चेन उघडतात, तुमच्या क्लिपचं काय घेऊन बसलात. डबा जमिनीवर न ठेवता हातभर उंच, तोंड खाली करून ठेवला तर पाणी साचत नाही, ही अक्कल मला तिसऱ्या पावसाळ्यात आली.

आतल्या चिठ्ठीचं इंग्रजी नमुनापत्र वेबसाइटवर मिळतं पण ते मखमलाबादच्या गुराख्याला काय कामाचं. मी हे लिहिलंय, जसंच्या तसं घ्या: "नमस्कार. हा जिओकॅशिंग नावाच्या खेळाचा डबा आहे. आत कागद, पेन्सिल आणि लहान मुलांच्या दोन-चार वस्तू आहेत, बाकी काही नाही. तुम्हाला चुकून सापडला असेल तर हरकत नाही, नाव लिहायचं तर लिहा आणि होता तिथेच ठेवा. जागेच्या मालकांना माहीत आहे. काही अडचण असेल तर या नंबरवर फोन करा." खाली स्वतःचा मोबाइल नंबर. हीच चिठ्ठी झाकणावर बाहेरूनही चिकटवा. पाच वर्षांत तीन फोन आले, तिन्ही शाळकरी पोरांचे, एकाने विचारलं की मी गोटी ठेवली तर चालेल का.

नुसत्या एका डब्यापेक्षा वेगळं काही करायचं असेल तर त्याचीही सोय आहे आणि आपल्या शहराला ती जास्त शोभते. बरेच थांबे असलेला मल्टी डबा करता येतो, मधल्या थांब्यांवर फक्त प्रश्न, शेवटी कुठेतरी परवानगीच्या जागी डबा. पायऱ्या मोजा, पाटीवरचं साल बघा, त्यातून पुढचे आकडे काढा. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला थांबा केलात तर पावसाळ्यात काय होतं ते लिहायला विसरू नका, पूर किती आला हे आपण त्याच्याच कमरेवरून आणि खांद्यावरून मोजतो, शोधणारा बिचारा पाण्याकडे बघत उभा राहील. दुसरा प्रकार अर्थकॅश, २००४ पासून आहे, यात डबाच नसतो, जागेचं भूशास्त्र बघून प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची. आपण उभे आहोत तो सगळा दख्खनचा बेसॉल्ट, लाव्हाचे थर एकावर एक, त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं आणि त्या भोकांत तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक, ज्यांच्यासाठी सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघायला लोक लांबून येतात. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या कडेला उभं करून "किती थर दिसतात, भोकं वरच्या बाजूला जास्त की खालच्या?" असा प्रश्न विचारता येतो. एकच, गाड्यांच्या वर्दळीत उभं करू नका. नवीन व्हर्च्युअल प्रकारचा डबा, म्हणजे डबा नसतोच, नुसती जागा बघून उत्तर द्यायचं, तो मात्र आपल्याला टाकता येत नाही, २००५ नंतर बंद केला, मधून मधून काही निवडक लोकांनाच देतात.

माणसं जमवायची असतील तर इव्हेंट टाका. किमान अर्धा तास, आणि तारखेच्या निदान दोन आठवडे आधी नोंदवायचा. मोठ्या अपेक्षा ठेवू नका, माझ्या पहिल्या इव्हेंटला गोदापार्कला मी, माझी बायको आणि पुण्याहून कामाला आलेला एक मुलगा असे तिघं होतो, बायको मोजायची नाही असं तिचंच म्हणणं. पण त्या मुलाने नंतर सातपूरला डबा टाकला, आणि तो माझ्यापेक्षा नीट सांभाळतो. कचरा उचलायचाही एक इव्हेंट असतो, २००२ पासून चालत आलेला, सिटो म्हणतात. त्यासाठी नाशिकला तारीख शोधायला लागतच नाही, तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी झाली की दुसऱ्या दिवशी वाटेवर जे पडलेलं असतं ते बघा. हातमोजे आणि पोती न्या, नगरपरिषदेला आधी सांगून ठेवा की पोती उचलायला गाडी पाठवा.

सांभाळण्याचं वेळापत्रक माझं असं. मे महिन्याच्या शेवटी एकदा, सिलिका बदलायला आणि रबरी रिंगला थोडं ग्रीस लावायला. पावसाळ्यात जायचं नाही, पानावर तसं लिहून ठेवतो की चिखल आहे, दिवाळीनंतर या. दसऱ्याच्या सुमारास दुसऱ्यांदा, कागद बदलायला. जुने भरलेले कागद फेकत नाही, घरी फाइलला आहेत. कोणी डब्याकडे लक्ष द्या अशी नोंद केली तर पंधरा दिवसांत जातोच, नाही गेलं तर छाननीवाले डबा तात्पुरता बंद करतात, साधारण महिनाभर वाट बघतात आणि मग कायमचा काढून टाकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. जमत नसेल तर स्वतःच जाऊन डबा उचलून आणा आणि पान बंद करा, तो कचरा तुमचाच आहे. दुसऱ्या कोणाला सांभाळायला द्यायची सोयही आहे.

भाच्याच्या ग्रुपला मी सांगितलंय की पाच जणांत मिळून एकच डबा टाका. पाच टाकलेत तर जूनपर्यंत दोन राहतील आणि त्या दोन्हीत पाणी असेल. ते सध्या जागेवरून भांडतायत, एकाला हरिहरच पाहिजे. येत्या रविवारी त्यांना तात्यांच्या शेतावर घेऊन जातोय, कागद बदलायचाच आहे, यावेळी पेन्सिली तीन नेतोय कारण मागची कोणीतरी सही करून खिशात घालून घेऊन गेलं, आणि झाकणाची एक क्लिप तुटलीय असं शेवटच्या नोंदीत एका बाईंनी लिहिलंय, पेरूच्या खाली, शेवटच्या ओळीत.